मला माहीमला नेऊ नका

मी पुस्तकांचं कपाट बोलतोय. बोलतोय कसला, जीव तोडून ओरडतोय. पण लाकडाची हाक माणसांपर्यंत पोहोचत नाही, हे मला आता पुरतं कळून चुकलंय.

माझा जन्म बोईसरचा. कारखान्यात परदेशातून मशीन आलं, त्याच्या खोक्याचं लाकूड भंगारात निघालं. तिथे स्टोअरमध्ये कामाला असलेल्या नरहरीने ते घेतलं आणि रामकिसन सुताराकडून मला घडवून घेतलं. चार खण, पुढे सरकत्या काचा. शेवटचा हात फिरवून रामकिसन म्हणाला, "देखो सेठ, एकदम हीरो लग रहा है!" मी फुगलोच. खोटं कशाला सांगू?

नरहरीने मला करवून घेतलं ते बहिणीसाठी. सुलू जव्हारकडच्या आश्रमशाळेत शिक्षिका. बाकीच्या बाया सणाला साडी घेतात, ही पुस्तकं घ्यायची. तिथली तिची खोली गळकी, म्हणून सगळी पुस्तकं तिने बोईसरलगतच्या सरावलीला भावाच्या नव्या घरी आणून माझ्यात लावली. तिला एकच ध्यास होता, आपल्या माहीम गावात वाचनालय काढायचं.

"गाववाल्यांनी खोली दिली की नेईन, दादा. तोवर सांभाळ."

"तुजी पुस्तकं कुटं जात नाय," नरहरी म्हणाला. "आमी हाय ना!"

नरहरीची बायको शालू स्वभावाने चांगली. घर आरशासारखं ठेवायची. एकदा ती कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर पूजेला गेली आणि तिथलं पुस्तकांचं कपाट बघून आली. झालं! दुसऱ्या दिवशी पदर खोचून बसली आणि तिने सगळी पुस्तकं रंगाप्रमाणे लावली. लाल एकीकडे, हिरवी एकीकडे, उंचापासून बुटक्यापर्यंत. मधेमधे पितळी फुलदाणी, प्लास्टरचा पोपट, मान हलवणारी बाहुली. एका कादंबरीचा पूर्वार्ध निळा होता आणि उत्तरार्ध पिवळा. त्यांची कायमची ताटातूट झाली. कोंबडीपालनाच्या पुस्तकावर सोनेरी अक्षरं होती, म्हणून त्याला मधोमध मानाची जागा मिळाली. मला हसू आवरेना.

दिसत मात्र होतं सुरेख, हे मानायला हवं. दारातून शिरताच नजरेत भरावं म्हणून शालूने मला समोरच्या भिंतीला नेऊन टेकवलं. पलीकडे मोरी होती. हळदीकुंकवाला आलेल्या बाया म्हणायच्या, "अगंबाई, किती वाचता तुम्ही!" शालू लाजायची, पण नाही म्हणायची नाही. त्या दिवसापासून काच फक्त बाहेरून पुसली जाऊ लागली. पुस्तकाला हात लावायचा नाही, रांग मोडते.

मोरीची भिंत ओली. एक दिवस माझ्या पाठीला गुदगुल्या झाल्या. मग टोचायला लागलं. वाळवी! ती माझ्या पाठीतून आत शिरली आणि पुस्तकांना मागून भिडली. पुढे लाल, हिरवे कणे कसे ताठ उभे, आणि मागे पानांची माती होत चाललेली. काढा रे, एखादं पुस्तक काढा! एकच काढा! मी टाहो फोडत होतो. सुलूचं सगळं आयुष्य माझ्या पोटात होतं आणि मला ते वाचवता येत नव्हतं.

रोज सकाळी माझ्या पायाशी मातीची भुकटी पडायची. शालू ती झाडून काढायची आणि कारखान्यांच्या नावाने बोटं मोडायची. "मेली यांची धूळ! कितीही झाडा, आहेच." बोईसरात जे काही पडतं ते कारखान्याचंच, अशी सगळ्यांची खात्री. त्या धुळीचा वास घ्यावा, चिमटीत धरून बघावी, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

एकदा मात्र आशा वाटली. शेजारच्या खोलीत नवसी राहायची, डोंगरातली पोर, कारखान्यात पॅकिंगला जायची. नुकती वाचायला शिकली होती. तिने काचेवर बोट ठेवलं. "वयनी, ता लाल पुस्तक वाचाया द्या ना. लवकर आणून देन."

काच जराशी सरकली. मी श्वास रोखला.

"नको गं बाई," शालू म्हणाली. "लाल रांगेत भोक पडेल. परवा बायका यायच्यात."

काच मिटली. त्यानंतर नवसीने कधी विचारलं नाही.

आणि मग मे महिन्यात सुलू आली, ती धावतच. "दादा, खोली मिळाली! गाववाल्यांनी रंगसुद्धा दिला!" चप्पल न काढताच तिने काच सरकवली आणि लाल पुस्तक ओढलं. नुसता पुठ्ठा हातात आला. आतून माती सांडली. तिने दुसरं काढलं. तिसरं काढलं. मग ती खाली बसून मातीतून अक्षरं असलेले तुकडे वेचायला लागली.

"वन्सं, मी रोज पुसत होते हो," शालू रडत म्हणाली. "रोज पुसत होते."

सुलू तुकडे वेचतच राहिली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

वरच्या खणातली थोडी पुस्तकं शाबूत निघाली. बाकीची नरहरीने मागच्या अंगणात जाळली. त्याला बहिणीकडे बघवत नव्हतं. त्याने मला उन्हात काढलं, माझी पाठ उखडून टाकली, पावडर मारली आणि माझ्या बाजूच्या फळ्या ठोकून बघितल्या. "ह्या घट्ट हायत, सुलू. नवी पाठ लावून देतो. तुज्या वाचनालयात ह्योच ठेव."

"ठेवते ना," सुलूने डोळे पुसले. "त्या बिचाऱ्याचा काय दोष?" तिने माझ्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत मला असं मायेने कोणी शिवलं नव्हतं. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण त्या फळ्या घट्ट नाहीत. ठोकून कळत नाही, पण वाळवी त्यांच्या गाभ्यात आहे. पावडर तिथवर पोहोचलीच नाही. या क्षणीही ती खातेय.

आता नवी पाठ लावून मी टेम्पोत उभा आहे. दोर आवळलेत. माहीमच्या लोकांनी घरोघरून पुस्तकं जमवलीत म्हणे, ती माझ्यातच लागणार. बाकीची कपाटं म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी हात जोडून सांगतोय, मला टाका. फोडा, चुलीत घाला, कोणाचा तरी भात शिजू दे. नरहरी, दोर सोड रे! शालू, तू तरी बघ!

सुलू माझ्याजवळ बसलीय. रस्त्यात पुस्तकांना धक्के बसू नयेत म्हणून तिने माझी काच सरकवलीय, आणि वाळवीतून वाचलेली पुस्तकं पदराने पुसून एकेक माझ्यात ठेवतेय.