ताटावरचा हात

साक्षीला बोलता येत नाही, पण सांगायचं खूप असतं, हे कळायला तिच्या आईबापाला फार उशीर लागला. तोवर पोट भरलं किंवा गोंगाट नकोसा झाला की ती स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावायची, रक्त येईपर्यंत. नातलग म्हणायचे, हात बांधून ठेवा. सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं!

शेवटी थेरपिस्ट बाईंनी साक्षीच्या आईला, सुमेधाला समजावलं, की हे चावणं म्हणजेच पोरीचं बोलणं आहे. तिला त्याऐवजी एखादी सोपी खूण शिकवा, आणि तिनं ती केली की लगेच ऐका. सुमेधानं खूण निवडली ती ताटावर आडवा हात. म्हणजे पुरे. ही तर कुणालाही कळेल, असं तिला वाटलं, आणि तिथंच ती फसली.

खूण मात्र रुजली. टीव्ही नको झाला तरी साक्षी हात आडवा धरायची, आणि सुमेधा हातातलं काम टाकून तो बंद करायची. मनगटावरच्या जखमा भरून आल्या.

मग साक्षीच्या बापाच्या, सतीशच्या आत्यानं, येसूबाईनं, सोलापुरात नवं घर बांधलं. घरभरणीची बुद्धवंदना झाली, पंगत बसली. सुमेधानं त्या खुणेबद्दल आधीच सगळ्यांना बजावलं होतं. पण पंगतीत ‘पुरे’ला भीक कोण घालतो? साक्षीनं हात आडवा धरला, तो आत्यानं हसत बाजूला सारला आणि जिलबी वाढली. पोरीनं पुन्हा हात धरला. पुन्हा जिलबी. शेजारच्या बाया कौतुकानं हसत होत्या. पाणी वाढणारी सुमेधा धावत येईपर्यंत साक्षीचे दात मनगटात रुतले होते.

"पावण्यानं नको म्हणायचंच असतं की," आत्या भांबावून म्हणाली. "मायेनं वाढलं गं."

"हातानं सांगितलं तवा तुमी ऐकलं न्हाय, आत्या," सुमेधा म्हणाली. "आता दातानं सांगतीय. आता तरी ऐकू येतंय का?"

सतीश तिला दबक्या आवाजात गप्प बसवू लागला, चार लोकांत शोभतं का म्हणून. सुमेधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी रक्तबंबाळ झाली, आणि यांना शोभेची पडली होती.

दुसऱ्या दिवशी घरी सुमेधानं साक्षीच्या ताटात भात वाढला. आणखी हवा का म्हणून तिनं चमचा नुसता पुढं केला.

साक्षीनं ताटावर हात धरलाच नाही. पट्टी बांधलेलं मनगट तिनं सरळ तोंडाकडं नेलं.