मागचं डावं दार

टक, टक, टक.

दुपारचं घर निपचित होतं. माझ्या लेकीने, मिर्तोने, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची गाडीची किल्ली दाबली आणि अंगणात तीन दारांची कुलपं उघडली. चौथं, मागचं डावं, वर्षभर मुकंच होतं. मिर्तो उजवीकडून चढते, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं.

परवा लाम्ब्रोसने, माझ्या नवऱ्याने, त्याच्या वडिलांना फोन केला. ईस्टरला येतोय, तेवढं ते दार दुरुस्त करून ठेवा म्हणाला. द्राक्षं उतरवायच्या दिवसांत तो आम्हाला सोडून पात्रा शहरात गेला, दुसरीच्या घरी. तेव्हापासून माझ्याशी बोलतो ते मिर्तोच्या शाळेपुरतं. ज्याला गाडीचं दार आठवतं त्याला घरही आठवत असेल, असं मी मनाशी धरलं आणि ईस्टरच्या अंड्यांना द्यायचा लाल रंग दुकानातून जास्तीचा आणला.

सासरे हत्यारांची पेटी घेऊन आले. दाराला कान लावून त्यांनी मला नावाने हाक मारली, "वाया, किल्ली दाब."

मी दाबली.

"वीज येतेय. मोटर गुणगुणते, पण ओढत नाही. आमच्या चिरंजीवांसारखी."

"बाबा, पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे. निदान एकीला तरी वेळेवर कळेल."

त्यांनी आतलं आवरण काढलं. खालच्या पोकळीत गढूळ पाणी साचलं होतं, कुलपाची मोटर गंजून तांबडी झाली होती. पाणी जायची भोकं तारेने टोकरली तर काळपट लगदा निघाला. तो त्यांनी बोटांत चोळला.

"तांदूळ. तुमच्या लग्नातला. काच खाली होती, आणि तुझी सासू ओंजळी भरभरून फेकत होती."

संसाराने मूळ धरावं म्हणून फेकतात. मला उगाच बरं वाटलं. मोडलं काहीच नव्हतं मग, नुसतं तुंबलं होतं.

लारिसा शहरातल्या भंगारातून आणलेली मोटर त्यांनी बसवली. दार सुरळीत उघडलं. मग ते आत वाकून सीटच्या फटीत हात घालून चाचपू लागले.

"आता काय शोधताय?"

"लहान मुलांची खुर्ची अडकवायचे हूक. धड आहेत का बघा म्हणाला."

"मिर्तोला हूक कशाला, बाबा? ती कधीची नुसत्या उशीवर बसते."

त्यांचा हात थांबला. बाहेर न येता, सीटकडे तोंड करूनच ते म्हणाले, "गाडी तो घेऊन जाणार आहे, पोरी. जूनमध्ये बाळ होणार आहे त्यांना. मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

टप उन्हाने तापला होता. त्यावरचा हात काढावा, हेही मला सुचलं नाही.

मिर्तो त्या दाराने चढली, उतरली, पुन्हा चढली. आजोबांच्या पाठीवरून हात फिरवून तिने शाबासकी दिली. मग सरकत आपल्या खिडकीशी गेली आणि शेजारची रिकामी जागा तळव्याने झाडली.

"आई, मी तर इकडे बसते. मग त्या दाराने कोण येणार?"