दुसरी कळी

हिंजवडीच्या माळावर कंपन्यांच्या इमारतींसाठी जेसीबी फिरायला लागले, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका पद्मजाबाईंनी तिथलं एक झुडूप मुळासकट उचलून कोथरूडच्या आपल्या अंगणात आणून लावलं. त्यांना दाट संशय होता, की हे झुडूप जगावेगळं आहे. त्याच्या घराण्यात ही एकच जात, ना भाऊ ना बहीण. पण नुसत्या संशयाला कोण विचारतो? फूल कागदात दाबून, वाळवून वनस्पतींचे नमुने जपणाऱ्या संस्थेत जमा केल्याशिवाय शास्त्र काही मानत नाही. आणि बेटं फुलायचं नावच घेईना. बघता बघता माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथे दुसरं झुडूप सापडेल ही आशाही सुटली.

यंदा मात्र दोन कळ्या धरल्या. पहिली उमलायची त्या सकाळी बाई भिंग घेऊन बाहेर आल्या, तर देठ रिकामा!

त्या तडक शेजारच्या श्रीधरपंतांकडे गेल्या. सकाळी पिशवी आणि आकडीची काठी घेऊन लोकांच्या कुंपणावरची फुलं पूजेसाठी तोडायची, हा पंतांचा नेम. फूल गणपतीच्या मस्तकावर होतं, गंधात पार माखलेलं. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"अहो, चोरी आहे ही!"

"देवाला वाहिलंय, बाई. तुम्ही काय करणार होतात त्याचं?"

"तोडून कागदात दाबणार होते."

"मग देवानं तुमचं काय घोडं मारलंय?"

बाई संतापून तशाच पाय आपटत घरी परतल्या.

दुसरी कळी उमलली तेव्हा त्या कात्री घेऊन उभ्याच होत्या. भिंगातून पाहिलं. संशय खरा होता! त्यांचे डोळे भरून आले. आता कात्री लावली की झुडपाला नाव मिळणार, आणि शोधणाऱ्या म्हणून त्यांनाही. पण हे फूल गेलं तर बी कुठून धरणार? आणि पुढच्या फुलापर्यंत झुडूप तरी तगेल का, आणि आपण?

त्यांनी कात्री खाली ठेवली. कुंपणावरून पंतांना बजावलं, "याला हात लावलात तर आकडी मोडून ठेवीन."

दुपारी अवधूतचा फोन आला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता संस्थेत होता. त्याला कळलं असतं तर तो कात्री घेऊन धावत आला असता. त्यात त्याचं काही चुकलंही नसतं, त्यांनीच त्याला तसं शिकवलं होतं.

"मॅडम, फुललं का?"

झाडांबद्दल उभ्या आयुष्यात खोटं न बोललेल्या पद्मजाबाई म्हणाल्या, "नाही रे. अजून काहीच नाही."