आत शंभर, बाहेर अठ्ठ्याण्णव

"आवाज वाढवला काऊन?" सरपंच अण्णाजींनी माइकच्या वायरवर काठी टेकवून विचारलं.

"वाढवला नाई जी," प्रेमदास म्हणाला. "उलटा जरासा कमीच केला. आत शंभर घातला तं बाहेर अठ्ठ्याण्णव निघते."

अण्णाजी उदार माणूस. वैशाख पौर्णिमेला पंचायतीचा भोंगा वापरायची परवानगी त्यांनी बौद्धपुऱ्याला गेली दोन वर्षं एका दमात दिली होती. अट एकच: बॅटरी, मशीन, भोंगा कचेरीतून हलायचा नाही, माइक खुशाल नाल्यापलीकडे विहारात न्यावा. माइकचा दुबळा आवाज चारशे हात वायरीत मरतो, हे त्यांना अनुभवानं पाठ झालं होतं. दोन्ही वर्षी भोंगा नुसता घरघरला आणि अण्णाजी मनापासून हळहळले.

यंदा मात्र बौद्धपुऱ्याच्याच प्रेमदासनं नागपूरहून ट्रान्झिस्टर आणला. हरभऱ्याएवढा. आंजीला त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं. दहा वर्षं त्यानं लग्नांचे, निवडणुकांचे आवाज गावोगाव पोचवले होते, स्वतःचा कधी चढवला नव्हता.

"माइकच्या बुडाशी लावला जी. हा आवाज मोठा नाई करत. लंबी वायर ओढाची ताकद देते फक्त."

"म्हणजे हमाल."

"हमालच."

"अन् वाटेत हमालाले काई झालं तं?" अण्णाजी हसले. काठी वायरवरून उचलली नाही.

वैशाखात कापायला गवताची काडी नव्हती. तरी संध्याकाळी अण्णाजींचा गडी नत्थू नाल्याच्या पुलावर विळ्याला धार लावत बसला होता.

विहारात माइकपुढं प्रेमदासची माय, आनंदाबाई, उभी राहिली. गावाच्या विहिरीपाशी घागर घेऊन, वरून कोणी पाणी ओतेल म्हणून तिनं चाळीस वर्षं वाट पाहिली होती. तेवढंच तिला गावाला सांगायचं होतं.

"बोलू का रे?"

"बोलू का रे?" नाल्यापलीकडून भोंगा म्हणाला, थेट तिच्याच आवाजात. ती दचकली. लोक हसले.

"मी घागर घेऊन उभी राहो," ती बोलू लागली. "उन्हात. पोरगं कडेवर..."

भोंगा थांबला.

पुलावर नत्थूनं विळा धोतराला पुसला.

"बंद पडला का रे?"

"वायर कापली, माय."

तिनं माइक खाली ठेवला, पदर खोचला. "मंग मीच जातो तिकडं."

ती बोलतच निघाली. आवाज ना चढला, ना उतरला. मागून प्रेमदास, हातावर वायर गुंडाळत.

पुलावर नत्थू उठून उभा राहिला. विळा अजून त्याच्या हातात होता.