फुलताईची शेवटची जुळणी

मालकीणबाईंनी पेपरवेट खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि विचारलं, "पांढऱ्या फुलांत हे पिवळं कुठून आलं?"

काचेच्या भट्टीवरच्या सगळ्यांनी फुलताईकडे पाहिलं. फुलं जुळवायचं काम तीस वर्षं एकटी फुलताई करत होती. रंगीत काचेच्या कांड्यांचे तांदळाएवढे तुकडे चिमट्याने उचलून ती लोखंडी कड्यात गोलाकार मांडायची. मग मिस्त्री त्यांवर वितळलेल्या काचेचा गोळा टेकवायचा. एकदा काच मिटली की आतली चूक कुणाच्या बापाला सुधारता यायची नाही.

पूर्वी कचेरीतल्या दर टेबलावर पेपरवेट असायचं. पंखा लागला की साहेब आधी तेच शोधायचे. आता कागदच कमी झाले. निवृत्त होणाऱ्यांना भेट द्यायला म्हणून मागणी यायची, तेवढीच. हे पेपरवेट एका मुख्याध्यापिकेसाठी होतं आणि समारंभ चार दिवसांवर आला होता.

मिस्त्री पुढे झाला. जरा वेगळं दिसेल म्हणून आपणच पिवळं घालायला सांगितलं, असं त्याने ठोकून दिलं. मालकीणबाईंना ते पटलं नाही, पण त्या पटवून घ्यायला तयार दिसल्या.

गप्प बसलं तर निभावेल, हे फुलताईला कळत होतं. चार महिने निभावतच होतं. रंगांच्या वाट्या ठरल्या जागी ठेवून ती अंदाजाने चिमटा घालायची आणि मिस्त्री जाता-येता नजर टाकायचा. परवा कुणीतरी टेबल पुसताना वाट्यांची अदलाबदल केली होती.

"मिस्त्रींचं ऐकू नका, बाई," ती म्हणाली. "मला रंग दिसत नाहीत आता. डॉक्टरांनीही हात टेकलेत."

"मी बघत होतो की, ताई. चाललं असतं," मिस्त्री पुटपुटला.

"तुम्ही भट्टी बघायची की माझ्या वाट्या?"

मालकीणबाईंनी ते पेपरवेट बाजूला ठेवलं. मग स्टूल ओढून त्या फुलताईशेजारी बसल्या आणि एकेक वाटी तिच्यापुढे सरकवत रंग सांगू लागल्या. दुपारपर्यंत नवी जुळणी झाली. मिस्त्रीने काचेचा गोळा टेकवला तरी एकही फूल हललं नाही.

सोमवारपासून फुलताई मालाच्या बांधणीला बसली. पहिलं पेपरवेट कागदात गुंडाळायला घेतलं आणि तिचा हात थांबला. तीस वर्षांत तिने तयार होऊन गार पडलेलं पेपरवेट कधी नीट हातात धरलंच नव्हतं. तिला वाटलं होतं त्याहून ते बरंच जड होतं.