गाडीतली ओल

लिंडाचा पाय घोट्यापर्यंत गाडीच्या तळात रुतला आणि तिने पहिली शिवी घातली ती नवऱ्याला. दुसरी प्लायवुडला. उद्या पुण्याची माणसं राहायला यायची होती म्हणून ती पलंगांवर नव्या चादरी घालायला गाडीत चढली होती, आणि जिथे पाय ठेवला तिथलं प्लायवुड भिजलेल्या पावासारखं खाली बसलं. पाय ओढून काढला तर घोटा सोलवटलेला, आणि त्या भोकातून कुबट वास वर आला.

"शिरा पडली त्या खाऱ्या हवेर," तिने तिसरी शिवी घातली.

हे खाऱ्या हवेचं पुराण ती पावसाळाभर ऐकत आली होती. गाडीत वास येतो म्हटलं की तिचा नवरा रोनी म्हणायचा, खारी हवा. भिंतीला फुगवटा आलाय म्हटलं, तरी खारी हवा. समुद्राच्या काठाला पिढ्यान् पिढ्या माणसं राहतायत, कुणाच्या घराची जमीन अशी पायाखालून गेली नव्हती.

गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. रोनीने आतले बाक उपटून तिचं फिरतं घर केलं होतं. दोन पलंग, ओटा, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागेल असं बाथरूम, पलंगाखाली पाण्याची टाकी, आणि नळ उघडला की आपोआप सुरू होणारा पंप. लोकांनी माडांच्या बागेत उतरावं, हवं तर कुणकेश्वरापर्यंत फिरून यावं, असा बेत. रोनी मूळचा बोटीवरचा फिटर. लग्न झाल्यापासून लिंडाने नवरा कमी पाहिला होता आणि त्याचे फोन जास्त घेतले होते. या खेपेला घरी आला तेव्हा तो म्हणाला होता, की हा सीझन गाडी चालली तर मी बोट सोडली. नाही चालली तर नाताळ झाल्यावर पुन्हा बॅग भरतो. त्या दिवसापासून लिंडाने गाडीला स्वतःच्या हाताने पुसलं होतं, पडदे शिवले होते, मालवणच्या बाजारात ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना तिची कौतुकं सांगितली होती. आणि आता त्याच गाडीला भोक.

वर टपावर धपधप आवाज झाला. म्हातारा इनास, तिचा सासरा, पुन्हा डांबराचा डबा घेऊन चढला होता.

लिंडा लंगडत बाहेर आली. "पप्पा, वर काय शोधतास?"

"गळता खंयसून ता बघतंय."

"पावस खंय आसा पप्पा? दसऱ्यापासून थेंब नाय पडलो. तरी जमीन वली. मग पाणी वरसून कसा येतला?"

इनासने कुंचा थांबवला. इथल्या माणसाला ओल दिसली की त्याची मान आपोआप वर जाते. जन्मभर कौलं परतली, पन्हळी ठोकल्या. पाणी घरात शिरतं ते आभाळातूनच, ही त्याची खात्री. त्यात या माणसाने पावसाळ्याआधी गाडीला घरासारखं निळ्या प्लास्टिकने गळ्यापर्यंत गुंडाळून टाकलं होतं, नुसती दारापुरती फट ठेवून. त्या फटीतून रोज दुपारी आत जायचा, पंप चालू ठेवून हातपाय धुवायचा आणि पलंगावर ताणून द्यायचा. आतली ओल बाहेर पडायला जागाच नव्हती. बाहेरून मात्र गाडी कशी शहाण्यासारखी झाकलेली.

"उतरा खाली," लिंडा म्हणाली. "डांबर फासून फासून गाडीची चूल केल्यात."

रोनी सकाळीच मोटारसायकल घेऊन मालवणला गेला होता. लिंडाने त्याची वाट पाहिली नाही. तिने आत जाऊन फडक्याने भिंतीची खालची कड कोरडी केली, पंप चालू केला, सगळे नळ बंद आहेत हे बघितलं आणि खाली उकिडवी बसली. थोड्या वेळाने पंप आपसूक टर्र करून गप्प झाला. मग पुन्हा टर्र. नळ बंद, तरी पंपाला कुठे तरी पाणी पुरवायचं होतं. हा आवाज तिने पावसाळाभर ऐकला होता, आणि रोनी म्हणायचा, ती तेची सवय. पंपाला कसली आलीय सवय. तिला स्वतःचाही राग आला, की आपण ते खरं मानून भाकऱ्या थापत बसलो.

तिने घरातून तांदळाचं पीठ आणलं आणि भिंतीच्या कडेने ओळीत भुरभुरलं. पीठ बराच वेळ पांढरं राहिलं. मग एका जागी त्याचा लगदा व्हायला लागला. तिने तिथून बोट भिंतीवरून सरळ वर नेलं. बोट जाऊन थांबलं ते क्रुसापाशी.

लाकडी क्रूस, घरच्या बोलीत खुरीस, इनासने स्वतः लावला होता. मे महिन्यात गाडीला आशीर्वाद द्यायला पाद्री यायचे होते, त्याच्या आधी. आशीर्वाद झाल्यावर वाडीतल्या माणसांनी गाडीत जागा नव्हती तरी उभ्याने प्रार्थना म्हटली होती. नंतर गाडीतल्या सगळ्या वस्तू इकडच्या तिकडे झाल्या, पण त्या क्रुसाला कुणी हात लावलेला तिने पाहिला नव्हता.

लिंडाने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"तेका हात लाव नको," दारातून इनास म्हणाला. "पाद्रीच्या हातचो आशीर्वाद आसा तेका."

"देव रागावलो तर माझ्यार रागावंदे."

"लिंडा, माझा आयक."

तिने ऐकलं नाही. स्क्रू बाहेर यायला लागला तसा लांबच लांब येत गेला. म्हाताऱ्याने खुरीस पडू नये म्हणून घरातला सगळ्यात मोठा स्क्रू ठोकला होता. शेवटचा आटा सुटला आणि भोकातून पाण्याची बारीक धार थेट लिंडाच्या तोंडावर आली. तिने पंप बंद केला. क्रूस हातात धरून वळली तर इनास पायरीवर बसला होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. म्हाताऱ्याकडे बघून तिने ते गिळलं. क्रूस त्याच्या हातात दिला आणि भिंतीचा पत्रा उचकटायला घेतला, कारण राग कुठे तरी काढायलाच हवा होता.

पत्रा सहज निघाला. आधी कुणी तरी तो काढून पुन्हा बसवलेला होता. आत पाईपला स्क्रूने पाडलेलं भोक होतं, आणि भोकाच्या बरोबर खाली तारेने बांधलेला एक प्लास्टिकचा डबा. काठोकाठ भरलेला, खालचं लाकूड काळं पडलेलं. डबा लिंडाचा होता, नाताळच्या दोदोलच्या वड्या ठेवायचा. तो हरवला म्हणून जुलैत तिने शेजारच्या सावित्रीशी भांडण काढलं होतं आणि अजून दोघींचं बोलणं नव्हतं.

तारेचे वेढे एकाला एक चिकटून, टोक आत दुमडलेलं. असा पीळ वाडीत कुणी घालत नाही. असा पीळ बोटीवर शिकवतात. लिंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोनी आला तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. त्याने मोटारसायकल लावली, डबा बघितला आणि पिशवी तशीच हातात धरून उभा राहिला.

"ह्यो डबो कोणी बांधलो?"

"गो, ता तात्पुरता केल्लंय."

"जुलैत?"

रोनीने बापाकडे बघितलं. इनास माडाखाली खुर्ची टाकून बसला होता, क्रूस मांडीवर. "पप्पांका काय सांगू?" रोनी हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या खुरसान गाडी फुटली म्हणान?"

"पप्पांका मधी घालू नको. भर दर्यात बोटीच्या पोटात शिरान पाईप बदलणारो माणूस तू. तुका वीतभर पाईप बदलूक झालो नाय? पप्पांका न सांगता बदललो असतंस. माका न सांगता बदललो असतंस. डबो बांधूक हात लागले, पाईप बदलूक लागले नाय?"

त्याने पिशवी खाली ठेवली.

"आणि मी येडी. वास येता म्हटल्यार खारी हवा. आवाज येता म्हटल्यार सवय. मी हय पडदे शिवतंय आणि तू गाडी कुजूची वाट बघतंस."

"तसा नाय गो."

"मग कसा?"

रोनी मोटारसायकलच्या सीटवर टेकला. नखाने रेक्झिन खरवडत तो म्हणाला, "माका हय झोप येना नाय, लिंडा. जमीन बोटीसारखी हलना नाय, कसलो आवाज नाय. तुका रवतंय म्हणान सांगलेला. आता जातंय म्हणान माझ्यान सांगाक झाला नाय. म्हटला, गाडीच काय ता सांगांदे."

लिंडाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती उठली, डबा माडाच्या आळ्यात उपडा केला आणि म्हणाली, "पाईपाचो तुकडो आण. तुझ्या पेटयेत आसा, माका म्हायत आसा."

"मी लावतंय."

"तू हात लावूचो नाय. तू नुसतो सांग."

त्याने सांगितलं आणि तिने केलं. पाईप कापला, टोकं घासली, तुकडा बसवला, क्लिपा आवळल्या. कुजलेलं प्लायवुड करवतीने कापून काढलं तेव्हा खाली तळाचा गंजलेला पत्रा दिसला. त्यावर नवा तुकडा ठोकला. एकदा तिचा हात सटकून बोट कापलं. रोनी पुढे आला तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो जागच्या जागी थांबला. इनास एकदा दारापर्यंत आला आणि परत गेला.

दिवेलागणीच्या सुमाराला तिने पंप चालू केला. पंप टर्र करून गप्प झाला. दोघं ऐकत उभे राहिले. तिने पीठ भुरभुरलं, ते पांढरंच राहिलं.

"आता गळना नाय," रोनी म्हणाला.

"नाय," लिंडा म्हणाली. "गाडी बरी आसा. उद्यापासून चालतली. आता तिच्या नावार काय ढकलू नको. जावचा आसा की रवचा आसा, ता तुझ्या तोंडान सांग."

तिला वाटलं होतं, नव्हे, तिने दिवसभर त्याच आशेवर करवत चालवली होती, की गाडी बरी झाली की तो राहील. त्याने नव्या प्लायवुडवर एकदा पाय दाबून बघितला. मग तिच्याकडे बघितलं.

"जातंय," तो म्हणाला.

लिंडाने कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळली आणि दाताने गाठ मारली. "बरा," ती म्हणाली. "पप्पांका तू जावन सांग. गाडी बिघाडली म्हणान नाय, तुका जावचा होता म्हणान. आता, ह्या वक्ताक."

तो उतरला. खिडकीतून तिला तो माडाखाली बापासमोर उभा राहिलेला दिसला, हात पाठीमागे, आणि म्हाताऱ्याचं वर झालेलं तोंड दिसलं. तिने खिडकीवरून नजर काढली. उद्या पुण्याची माणसं आल्यावर पहिलं विचारणार, गाडी कुणाची. माझी, असं सांगायचं तिने ठरवलं, आणि ती पलंगावर चादर घालायला लागली.