शंभरात तीस

पेडणे तालुक्यातल्या हळर्ण गावात केळीच्या बागेसमोर दीड-दोनशे माणसं भर उन्हात वर तोंड करून उभी होती. मे महिना. आकाशात औषधालाही ढग नव्हता. झावळ्यांच्या माटवाखाली पाटावर मेघनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. मध्येच ते उठले, 'ध्यानाला' म्हणून आतल्या खोलीत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि हात उंचावून गरजले,

"ईशान्येचो ढग रुसलो आसा! चार वाजून वीस मिनिटांनी रडतलो!"

तेव्हा साडेतीन वाजले होते. बायका घराकडे धावल्या. कोणी वाळत घातलेल्या मिरच्या उचलल्या, कोणी काजूबिया. सव्वाचारला डोंगराकडून काळं आभाळ चढलं आणि चार वाजून तेवीस मिनिटांनी टपोरे थेंब पडू लागले. भिजलेली गर्दी महाराजांच्या पायांवर लोळली.

"बघलात मा, सर?" माझी शेजारीण सुलोचना म्हणाली. तिची कोकमाची सोलां वाचली होती. "तुमची सरकारी बातमी म्हणता 'काही ठिकाणी पाऊस'. आमचे महाराज मिनीट सांगतत!"

मी कृष्णनाथ, इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. ढग मलाही शिकवावे लागतात, त्यामुळे हा माणूस मला झोंबत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो नुसता प्रमोद होता, टेम्पोत केळीचे घड भरताना गड्यांवर खेकसणारा. आता म्हणे वरुणदेव त्याच्याशी थेट बोलायचा. "मधी दलाल ना!" असं तो छातीवर हात आपटून सांगायचा. केळ्यांच्या धंद्यात तो बागायतदार तर होताच, पण स्वतः दलालही होता, म्हणून या गोष्टीचं त्याला कौतुक वाटत असावं.

आणि चुकला तर? बारा तारखेला त्याने पाच वाजून दहा मिनिटांनी मुसळधार पाऊस सांगितला. लोक सहापर्यंत छत्र्या धरून उभे राहिले. थेंब पडला नाही.

"मीच परतवलो!" महाराज डोळे वटारून म्हणाले. "धारगळीत लग्न आसा. मुलीचो बापूस येऊन रडलो माझ्याकडे."

लोकांनी दुप्पट जोरात जयजयकार केला. पाऊस पडला तर महाराजांनी सांगितला म्हणून, नाही पडला तर महाराजांनी अडवला म्हणून. अशा परीक्षेत नापास होणं माझ्या सगळ्यात ढ विद्यार्थ्यालाही जमलं नसतं.

मी चिडून त्या दिवसासकट त्याच्या प्रत्येक भाकिताची तारीख आणि वेळ वहीत लिहू लागलो. सव्वीस नोंदी झाल्या. एका शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला गौरवीला फोन केला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, तिथे हवामानाच्या एका प्रयोगशाळेत काम करते. मी वेळा वाचून दाखवू लागलो. आधी ती हसली, मग तिने वेळा पुन्हा वाचायला लावल्या.

"सर, ही आमचीच भाकितं आहेत."

तिने समजावून सांगितलं. उपग्रह दर पंधरा मिनिटांनी ढगांचं चित्र पाठवतो. संगणकाला गेल्या कित्येक वर्षांची अशी लाखो चित्रं दाखवलेली असतात, आणि त्या-त्या चित्रानंतर कुठे किती पाऊस पडला, वारा किती सुटला, तेही. त्यावरून तो शिकतो. नवं चित्र आलं की पुढच्या दोन-तीन तासांत काय होण्याची शक्यता किती आणि साधारण किती वाजता, ते सांगतो. ह्यालाच मशीन लर्निंग म्हणतात. पेडणे तालुक्यातल्या साठ शेतकऱ्यांच्या फोनवर हे संदेश चाचणी म्हणून जात होते.

"पण दोघंही खरं सांगत असतील तर जुळणारच की," मी मुद्दाम म्हणालो.

"सर, बारा तारखेला आमचं चुकलं होतं. उपग्रह वरून बघतो. त्याला ढगाचं टक्कल दिसतं, पोट दिसत नाही. घाटावरच्या वादळी ढगाचा नुसता माथा वाऱ्याने तुमच्याकडे सरकला. खाली पाणी नव्हतंच. संगणक फसला. असे आम्ही चारदा फसलो आणि चारही वेळा तुमचे महाराज त्याच मिनिटाला फसलेत."

पंचवीस वर्षं मी पेपर तपासतोय. दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर मी काही बोलत नाही. एकसारख्या चुका चार ठिकाणी सापडल्या की बाक वेगळे करतो. थोड्या वेळाने गौरवीने कळवलं, की त्या साठ जणांच्या यादीत नाव आहे: प्रमोद, केळी बागायतदार, हळर्ण.

"आणि सर, एक ऐका," ती म्हणाली. "मोठ्या वादळाचा अंदाज दोन दिवस आधीही देता येतो. समुद्रात आत्ता एक आहे. बहुधा बाहेरूनच निघून जाईल. पण त्याचा कडेचा पट्टा रविवारी दुपारी तुमच्यावरून जाण्याची शक्यता शंभरात तीस आहे. हा माणूस लोकांना उलटं काही सांगत असेल, तर आत्ताच त्याला उघडा पाडा."

"रविवारी चार वाजता त्याची सभा आहे. तिथेच पाडतो. सगळ्यांसमोर."

"वारा चारच्या आधी आला तर?"

"न येण्याची शक्यता शंभरात सत्तर आहे ना?" मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर भरलेला माटव होता, हातात वही, आणि प्रमोदचा पडलेला चेहरा.

शनिवारी मेघनाथाने जाहीर केलं, की वादळ त्याने समुद्रातच बांधून घातलंय. पंचायतीने आमची शाळा आसऱ्यासाठी उघडली, पण वीस माणसंसुद्धा आली नाहीत. धारगळच्या वाटेवर, शाळेजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पुलाच्या कामाचे मजूर पत्र्याच्या शेडांत राहत. त्यांचा ठेकेदार जयवंत महाराजांचा भक्त. त्याने सांगून टाकलं, "कोणी हलायचं नाही. महाराजांनी वादळाला सीमा घातलीय, नारळही दिलाय."

त्या मजुरांत संतोष आणि सिंधू हे चंदगडकडचं जोडपं होतं. शाळेच्या नळावर ते पाणी भरायला येत. सिंधू दहावी शिकलेली. जाताना जुने पेपर मागून न्यायची. शनिवारी संतोष एकटाच आला.

"सर, काय करू? रेडिओ सांगतोय सावध ऱ्हावा. महाराज म्हणत्यात काय हुणार न्हाई. शेठ म्हणतोय, गेलात तर परत येऊ नका."

"शाळा उघडी आहे. या इथे," मी म्हणालो.

"पण महाराजांचं आजवर सगळं खरं झालंय न्हवं?"

उत्तर माझ्या खिशात होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी म्हणालो, "उद्या सभेला ये, कळेल."

त्याने मान खाजवली, घागर खांद्यावर घेतली आणि गेला.

रविवारी दोन वाजून दहा मिनिटांनी वारा आला. अर्धा तास होता. तेवढ्यात माड मोडले, विजेचे खांब आडवे झाले. सड्यावरची शेडं कागदासारखी उचलली गेली. संतोष छपराची दोरी धरून लोंबकळला होता, कारण आत सिंधू आणि आणखी चार बायका होत्या. दोरी तुटली. सुटलेला पत्रा फिरून त्याच्या मानेवर आला. आम्ही पोचलो तेव्हा सिंधू त्याचं डोकं दोन्ही हातांनी धडाला लावून बसली होती आणि कोणालाही हात लावू देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी माटव पुन्हा उभा राहिला. लोक आले. सिंधूही आली, असं का झालं ते विचारायला. मेघनाथाने तिच्याकडे न बघता सांगितलं, "मी सीमा घाललेली. त्याने मोडली. शनिवारी मासे खाऊन त्याने सीमेचो, माझ्या नावाचो नारळ हातात घेतलो."

"मासे कुठलं?" सिंधू म्हणाली. "डाळ-भात व्हता. मीच केलेला."

कोणीतरी तिला गप्प बसवलं. मग मी उभा राहिलो आणि वही वाचली. सव्वीस भाकितं, चार चुका, साठ शेतकऱ्यांची यादी. प्रमोद ओरडला, "खोटां! सर जळतत माझ्यावर!" गर्दी माझ्या अंगावर आली असती, पण जयवंत उठला. त्याचे चार मजूर इस्पितळात होते. तो सरळ आतल्या खोलीत घुसला आणि चार्जरसकट फोन उपटून घेऊन आला.

"उघड," तो म्हणाला.

मजुरांनी वेढा घातला तेव्हा प्रमोदने अंगठा लावला. फोन सिंधूने मागितला. "मला वाचायला येतंय," ती म्हणाली. दहावीतल्या मुलीसारखी ती सावकाश, एकेक शब्द मोठ्याने वाचू लागली.

"रविवार, सकाळी नऊ. पेडणे तालुका. दुपारी एक ते चार, ताशी नव्वद किलोमीटरपेक्षा जास्त वारा. शक्यता शंभरात तीस. पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्यांना आधी पक्क्या इमारतीत हलवा."

खाली लिहिलं होतं: संदेश नऊ वाजून बारा मिनिटांनी वाचला गेला. तेही तिने वाचलं.

"तीसच होते गे बाई!" प्रमोद किंचाळला. "सत्तर माझ्या बाजूचे होते! याआधी दोन वादळां आली, दोन्ही गेली. हेंय गेलां असतां!"

इतकं खरं तो दोन वर्षांत पहिल्यांदाच बोलला होता.

लोकांनी त्याला मारलं. काल पाय धरणारेच पुढे होते. पोलिसांनी सोडवला तेव्हा त्याचे पुढचे दात गेलेले होते. जमावाची ही दुसरी भक्तीही मला पहिलीइतकीच आंधळी वाटली. गणपतीत सुलोचनाने मला विचारलं, "सर, डिचोलीत एक बाई आसा म्हणतत. तिका भूकंप कळता. खरां काय?"

त्याआधीच सिंधू गावी परत जाताना शाळेत आली होती. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सर, तुमाला कवा कळलं?"

"शुक्रवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पिशवी उचलून बसस्टॉपकडे चालू लागली.

आता दर जूनमध्ये शाळा उघडली की मी वर्गात दहा गोट्या नेतो, सात पांढऱ्या, तीन काळ्या. डोळे मिटून एक उचल, असं एकाला सांगतो. काळी निघाली की कोणीतरी हमखास ओरडतं, "पण सर, तीनच होत्या!" मग मी मुलांना सड्यावरची हकीकत सांगतो, माझ्या भागासकट.

उपग्रह खरा आहे, संगणकही खरा आहे. सुलोचनाची सोलां त्यांनीच वाचवली. ते चुकतात, आणि किती चुकू शकतात तो आकडा आधीच सांगतात. तो आकडा खोडून जो नुसतं 'होणार' किंवा 'होणार नाही' सांगतो, त्याला विचारा, तुला कशावरून कळलं? कितीदा चुकलास? उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा. आणि खरं तुम्हाला कळलं असेल, तर नळावर भेटेल त्याला, जिथे भेटेल तिथे, त्याच क्षणी सांगा. सभा भरायची वाट बघू नका.